सतरा मेचा जोड

१७ मे १९३४, गुरुवार

जोड झाला! साडेअकराला शेवटचं टोक दोराच्या पोटात गेलं, बाराची ट्राम पकडली आणि दोनच्या मिरवणुकीला आम्ही आम्हा नॉर्वेकरांच्या वस्तीत, हम्बोल्ट पार्कात हजर. बोर्घिल्ड निळा पोशाख घालून, छातीला नॉर्वेची तिरंगी फीत लावून कोपऱ्यावर उभी. नवऱ्याचं कौतुक राहिलं बाजूला — "हाताला ग्रीस तसंच आहे." असू दे की. सतरा मेला, राष्ट्रदिनाला, नॉर्वेच्या खलाशाच्या हाताला ग्रीस नाही तर काय अत्तर असणार?

अडीच दिवसांत कंबर मोडली. जागतिक मेळ्यातली आकाशगाडी ज्या जाड तारांवरून धावते त्या गेल्या वर्षीच्याच आहेत. पण तिला तळ्याच्या या मनोऱ्यापासून त्या मनोऱ्यापर्यंत ओढून नेणारा दोर यंदा नवा घातला. त्याची दोन टोकं एकत्र आणून अखंड करायचा. दोन्हीकडचे सहा-सहा पेड एकमेकांत ओवायचे, मधली तागाची वात काढून टाकायची आणि तिच्या जागी प्रत्येक पेडाचं टोक पाच फूट आत घालायचं. एकूण बारा टोकं. सहा तळ्याच्या बाजूची, ती माझी. सहा शहराच्या बाजूची, ती माझ्या मेव्हण्याची, अस्लाकची. बाहेरून बोट फिरवलं तर जोड कुठे सुरू झाला ते कळू नये. नाहीच कळत. खोटं कशाला बोलू, हात त्याचाच माझ्याहून हलका आहे. पण माप माझं.

एरवी कापलेले तुकडे ज्याने त्याने आपल्या पुढ्यात ओळीने मांडायचे, मुकादमाने पट्टी लावायची, मग सही. पण आमचा मुकादम सिव्हर्ट मिरवणुकीत गायक मंडळाचा झेंडा धरणारा. सकाळपासून घड्याळ काढतोय आणि ठेवतोय. शेवटी म्हणाला, "तुम्हा दोघांचं काम मोजायची वेळ आली तर मी वीस वर्षं समुद्रावर काय मासे मोजत होतो?" केली सही. सगळे तुकडे मी एकाच पोत्यात कोंबले आणि पळालो.

पुढच्या शनिवारी मेळा उघडतो. आमच्या टोळीचा रिवाज — ज्याचा जोड, त्याचं घर पहिल्या गाडीत. अस्लाकची बायको उंचीला भिते. म्हणजे दोन्ही घरांच्या वतीने यंदाही बोर्घिल्डच. गेल्या वर्षी बसली होती तर वर्षभर चर्चमध्ये मान ताठ होती.

१८ मे

डोकं ठणकतंय. दारूबंदी उठली हे चांगलं झालं की वाईट, आज सांगता येत नाही. वाळूची पोती भरून गाडी दहा वेळा पाठवली. दोर लोण्यासारखा चालला.

१९ मे, शनिवार

दक्षिणेला गुरांच्या बाजाराला आग लागली आहे. दुपारपासून आकाश काळं. बोर्घिल्डने खिडक्या लावून घेतल्या, तरी पडद्यांना वास आलाच.

बाहेर जाता येईना म्हणून मागच्या पडवीत पोतं ओतलं. पेडाच्या तुकड्यांची गरम भांड्याखाली ठेवायची चक्री छान होते, बोर्घिल्ड केव्हाची मागते आहे. बारा तुकडे, माझे आणि अस्लाकचे मिसळलेले. ओळीने लावले. अकरा सारखे. बारावा लांब. हातभर लांब.

पुन्हा लावले. खाली फळी ठेवून लावले. हातभरच.

कापण्याआधी सगळी टोकं एकाच मापाची असतात. त्यातला जो भाग पोटात जात नाही तो कापून टाकायचा. म्हणजे तुकडा हातभर जास्त, तर आत गेलेलं टोक हातभर कमी. पाच फुटांच्या जागी साडेतीन फूट. याच्यात वाद घालायला जागा नाही, मी तासभर घालून पाहिला.

बोर्घिल्डने विचारलं, "चक्री झाली?" म्हटलं, पेड कडक आहेत.

२० मे, रविवार

चर्च. पाद्री पवित्र आत्म्याबद्दल बोलत होता आणि मी पुढच्या बाकावरच्या अस्लाकच्या हातांकडे बघत होतो.

त्या दिवशी सकाळी दहाला त्याने खिशातून चपटी बाटली काढली होती. "दाजी, आज सण आहे." मीही घेतली, नाही म्हणत नाही. पण मी एक घोट घेतला. त्याने किती घेतले, मी मोजले नाहीत. आणि नंतर तो गात होता. गाता गाता छिन्नी चालवत होता.

माझं माप चुकत नाही. तेवीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. मग राहिलं कोण?

२१ मे

दोर थांबवून जोडावरून हात फिरवला. सिव्हर्टला सांगितलं, ग्रीस बघतोय. शंभर फुटांत कुठे फुगवटा नाही, कुठे खळगा नाही. एक टोक आखूड आहे हे पोट फाडल्याशिवाय कळायचं नाही. पोट फाडायचं तर सिव्हर्टला सांगायला हवं. सिव्हर्टला सांगायचं तर नाव सांगायला हवं.

आज वीस फेऱ्या झाल्या. पोत्यांना काही झालं नाही. पण वाळूची पोती उठून एका बाजूच्या खिडकीशी गर्दी करत नाहीत. दोर लगेच सुटेल असं नाही. कदाचित सबंध उन्हाळा टिकेल. कदाचित तिसऱ्या दिवशी ते टोक बाहेर सरकेल, मग त्याच्या शेजारचं. गाडी तारांवरून पडणार नाही. मोकळी मात्र सुटेल, तळ्यावर दोनशे फुटांवर, आणि कुठे जाऊन आदळेल देव जाणे. आत छत्तीस माणसं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. बोर्घिल्ड म्हणाली, मासा खारट झाला का? मासा छान होता.

२२ मे, मंगळवार

अस्लाकला विचारलं. आडून. डबा खाताना म्हटलं, "त्या दिवशी घाई झाली नाही का रे?"

"घाई? दाजी, तुम्ही तर ट्राममागे असे धावलात की मला वाटलं सासूबाई मागे लागल्या." आणि हसला. मी हसलो नाही. तेव्हा तोही थांबला.

"का? काय झालं?"

"काही नाही. सगळी टोकं मोजून कापलीस ना?"

हातातला पाव खाली ठेवून म्हणाला, "मोजली असणारच. मी नेहमी मोजतो." आणि थोड्या वेळाने, "बहुतेक."

बहुतेक! दोराच्या कामात बहुतेक नसतं. त्याच्या बापाने त्याला चौदाव्या वर्षी जहाजावर जोड शिकवला तेव्हा हेच पहिलं शिकवलं असेल.

दुपारभर तो गायला नाही. जाताना मला म्हणाला, "दाजी, मला खरंच आठवत नाही. तळीरामाला काय आठवणार?" थट्टा करायला गेला, जमली नाही. चार पोरं आहेत त्याची. दोन वर्षं घरी बसून होता, मी हातापाया पडून त्याला इथे लावला. दोर सोडून दुसरं काही येत नाही त्याला. लाकूड तासायला दिलं तर बोट तासेल.

२३ मे

बोर्घिल्डला पहिल्या गाडीत बसू द्यायचं नाही एवढं ठरवलं आणि तेवढ्यातच तोंडावर आपटलो.

आधी म्हटलं, तुझा खोकला. म्हणाली, खोकला मार्चमध्ये होता. म्हटलं, गर्दी फार. म्हणाली, पहिल्या गाडीला गर्दी कसली, बसणारे आधीच ठरलेले. म्हटलं, यंदा दुसऱ्या कुणाला बसू दे, दरवर्षी आपणच काय मिरवायचं. इथे तिने हातातला पोशाख खाली ठेवला.

"हालवर्ड, तुला मिरवायला आवडत नाही हे मी आज पहिल्यांदा ऐकते आहे. काय झालंय ते बोल."

बोललो. तुकडे दाखवले. अस्लाकची बाटली सांगितली, बहुतेक सांगितलं.

तिने तो लांब तुकडा उचलला, बाकीच्यांशेजारी धरून पाहिला. "तुला किती दिवस माहीत आहे?"

"शनिवारपासून."

"आणि माझ्या भावाला आडून विचारतोस? भाऊ आहे माझा. चोर नाही."

"त्याचं नाव सांगितलं तर सिव्हर्ट त्याला कामावर ठेवणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

मी तुकडे पुन्हा पोत्यात भरायला लागलो.

"मग ऐक. शनिवारी मी बसणार. मी बसले नाही तर अख्ख्या हम्बोल्ट पार्काला कळेल की जोडात काहीतरी आहे, आणि कुणाचं आहे तेही लोक ठरवून टाकतील. मी बसणार आणि तू खालून बघणार. बघवत असेल तर गप्प राहा."

रागाने ओरडलो. वेडी आहेस, म्हटलं. तिने इस्त्री गरम करायला ठेवली. पंचवीस वर्षांत ही बाई एकदा ठरवल्यावर बदललेली मी पाहिलेली नाही, लग्नाच्या वेळीही नाही, तेव्हा तिचा बाप ओरडत होता.

२४ मे

दिवसभर तळ्यावरून वारा. पन्नास फेऱ्या झाल्या. घरी कुणी बोललं नाही. निळा पोशाख दाराला टांगलेला आहे, आत-बाहेर करताना खांद्याला लागतो.

२५ मे, शुक्रवार

सकाळी सहाला सिव्हर्टच्या खोलीत गेलो. टोपी हातात. रस्त्याभर वाक्य घोळवत होतो, ते एका दमात बोललो. "मुकादम, जोडात एक टोक आखूड आहे. मी कापलं. घाईत माप चुकलं."

मी कापलं! हे मी कालच ठरवलं होतं, बोर्घिल्डलाही सांगितलं नव्हतं. माझी तेवीस वर्षं आहेत, मला एकदा माफ होईल. अस्लाकला होणार नाही.

सिव्हर्टने आधी दार लावलं. "किती आखूड?"

"हातभर."

"ऐंशी फेऱ्या झाल्या आहेत. काही झालं?"

"पोत्यांना घेऊन झाल्या."

"उद्या सकाळी दहाला उघडायचं आहे, हालवर्ड. बडी माणसं येणार, फोटोवाले येणार. सही माझी आहे. न मोजता केलेली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आठवडाभर चालू दे. पुढच्या सोमवारी सकाळी गुपचूप उघडू. कुणाला कळणार आहे?"

म्हटलं, "चालेल. पण उद्या पहिल्या गाडीत माझी बायको आहे. तुमच्याही बायकोला तिच्याशेजारी बसवा."

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मग उठून त्याने फेऱ्या थांबवायचा फोन केला.

दारातून निघताना म्हणाला, "आणि हे बघ. तू मोजल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाहीस. तू कापलंस म्हणे. मेव्हण्याला पाठीशी घालतोयस ते मला दिसत नाही का? घाल. त्या दिवशी त्याच्या तोंडाला वास येत होता, तो मलाही आला होता. हाकलत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून. पण आजपासून तो धक्क्यावर होड्या बांधेल. दोराला पुन्हा हात लावायचा नाही. इथे नाही आणि माझ्या ओळखीच्या कुठल्या टोळीतही नाही."

मी दोनदा म्हटलं, मी कापलं. दुसऱ्यांदा तो हसला. म्हणाला, "असा भाऊजी मलाही मिळायला हवा होता."

साडेसातला उघडायला बसलो. एकटाच. अस्लाकला आधीच खाली पाठवलं होतं. बाकीच्यांनी दोर शिकंज्यात आवळून धरला आणि मी टोच्या घालून एकेक टोक बघत गेलो. कुणाची बाजू कुठली हे आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. सापडलं. आखूड होतं ते काढलं, त्या जागी नव्या पेडाचा लांब तुकडा ओवला, त्याची दोन्ही टोकं पाच-पाच फूट आत घातली. सिव्हर्टने या खेपेला गुडघ्यावर बसून पट्टी लावली. दोनदा. संध्याकाळी पाचला पोती भरून गाडी निघाली.

अस्लाक घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. बोर्घिल्डने दंडाला धरून आणला. खुर्चीवर बसला आणि चाळीस वर्षांचा माणूस पोरासारखा रडला.

"दाजी, सिव्हर्ट बोलला मला. तुम्ही माझं आपल्या अंगावर घेतलंत."

म्हटलं, सोड ते.

"नाही, बोलू द्या. दोर गेला हे बरंच झालं. ज्या हाताला माप कळत नाही त्याने दोर धरू नये. माझी बहीण बसणार होती त्यात. माझी बहीण! मी आजपासून दारू सोडली." त्याने ती चपटी बाटली मोरीत रिकामी केली.

बोर्घिल्डने सायीची लापशी केली होती, वर लोणी, दालचिनी, सणाला करते तशी. अस्लाकला बळेच खायला घातली. तो गेल्यावर मागून येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटलं होतं तू फक्त मोजायला शिकलास." असं ती मला कधी बोललेली नाही.

बाकीचं आज लिहवत नाही.

२६ मे, शनिवार

काल सापडलेलं आखूड टोक तळ्याच्या बाजूचं होतं. माझ्या सहांपैकी तिसरं. मग कालच शहराच्या बाजूची, अस्लाकची, सहाही उघडून पाहिली. पाच फूट, पाच फूट, पाच फूट — एकही बोटभर कमी नाही.

सकाळी दहाला पहिली गाडी सुटली. बोर्घिल्डने भावाला शेजारी बसवून घेतलं होतं. फलाट सोडताना अस्लाकने खिडकीतून मला बघितलं आणि सगळ्यांदेखत टोपी काढली. मीही काढली.